खांद्यावरची बोटं

माझ्या खांद्यावर चार बोटं आहेत आणि ती कुणाचीच नाहीत. मनगट नाही, हात नाही, हातामागे माणूस नाही. मुलाने मला ई-रीडर आणून दिला, तो मिटला की पडद्यावर हा फोटो येतो. डावीकडे मुलगा, मध्ये त्याची आई, उजव्या कडेला मी, आणि चौकटीबाहेरून आत आलेली ती बोटं. या यंत्राची खोड अशी, की बंद केलं तरी चित्र जात नाही. टीव्ही बंद केला की काळा होतो. हे मात्र दिवसभर टेबलावर पडून माझ्याकडे बघत असतं.

मुलाने ते प्रेमानेच आणलं होतं, हे आधी सांगायला हवं. माझी नजर अधू झाली, छापील पुस्तकाची ओळ हरवायला लागली, तेव्हा त्याने हे यंत्र आणलं, अक्षरं मोठी करून दिली, माझी आवडती पुस्तकं भरून दिली. वर ‘लॉक स्क्रीनही खास तुमच्यासाठी केलीय’ म्हणून पाठीवर थाप मारली. मी फोटो बघितला. नजर त्या बोटांवरच अडली. तोंडाने मात्र ‘छान’ म्हणालो. माझ्या तोंडाला ती सवयच आहे.

बोटं माझ्या मुलीची आहेत. धाकटीची.

तो फोटो आमच्या दुकानात काढलेला. आमचं फ्रेमचं दुकान होतं. लोक फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना चौकटीत बसवून द्यायचो. त्या दिवशी काचेच्या खोक्यावर कॅमेरा ठेवून, टायमर लावून धाकटी धावत आली होती. अडखळली, म्हणून तिने माझा खांदा धरला. म्हणजे फोटो काढला तिने, आणि फोटोतून गेलीही तीच.

पुढे तिची आई गेली. माझा हात थरथरायला लागला आणि दुकान मुलाच्या हातात आलं. त्याने ते काही दिवस चालवलं, मग चालत नाही म्हणून कुलूप लावलं आणि एका कंपनीत नोकरी धरली. धाकटी म्हणत होती, मला दे, मी चालवते. तो नको म्हणाला. मग तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शिंप्याच्या दुकानामागे खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं, आणि आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिच्याकडे गेली. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नाही. मी तिच्याशी बोलतो ते जिन्यात उभा राहून, फोनवर, आवाज दाबून.

आठवडाभर मी स्वतःची समजूत घातली. पडदा उभा आहे, फोटो आडवा होता. यंत्रच कडा कापत असेल. पोराने हौसेने लावलं आणि मी चार बोटांवरून मनात खदखदतोय. म्हातारपणी माणूस संशयी होतो असं ऐकलं होतं, तसं झालं असेल. पण मी पुस्तक मिटलं की बोटं यायची, आणि माझा राग तिथून पुन्हा सुरू व्हायचा.

एकदा धीर करून सेटिंग्जमध्ये शिरलो. पडदा मिटल्यावर काय दाखवायचं, यासाठी तिथे तीन पर्याय होते: चित्र, चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ, काहीच नाही. मुखपृष्ठावर बोट ठेवलं असतं तर सगळा प्रश्न मिटला असता. मी बोट नेलंही होतं. पण मग लक्षात आलं, की त्या घरात तिची एवढीच चार बोटं उरली आहेत आणि ती आता मी पुसायला निघालोय. मी बाहेर आलो.

सुनेने ते पाहिलं होतं. “बाबा, नको असेल तर बदलून देऊ का? फुलांचं लावते.”

“फुलांनी माझं काय घोडं मारलंय?” मी म्हणालो. ती चमकली. माझ्याकडून तिला असलं उत्तर मिळालेलं नव्हतं. मलाही लाज वाटली, पण शब्द परत घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर मी ई-रीडर वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळी बांधली आणि बसने धाकटीकडे गेलो.

शिंप्याच्या दुकानातून मागे जायला चिंचोळी वाट होती, दोन्ही बाजूंना कपड्यांचे तागे. आतल्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या काचा, कोपऱ्यात पट्ट्यांचा ढीग, गोंदाचा वास. ती टेबलावर वाकून माउंट कापत होती. माउंट म्हणजे चित्र आणि चौकट यांच्या मधली जाड पुठ्ठ्याची कोरी पट्टी. पातं चालू असताना हाक मारायची नाही, हा आमच्या दुकानातला नियम. मी दारात उभा राहिलो. तिने चारही कडा कापल्या, मधला तुकडा बोटाने ढकलून बाहेर काढला आणि मग वर बघितलं.

तिचा चेहरा उतरला. “काय झालं? दादाला काही झालं?”

“त्याला काय होतंय? धडधाकट आहे.”

“मग तुम्ही इथे कसे? वाट चुकलात?”

मी पुडकं तिच्यापुढे ठेवलं. तिने सुतळी सोडली, कागद उलगडला, पडद्याकडे बघत राहिली. आणि मग हसायला लागली.

“अरे वा. बोटांना तेवढी घरात परवानगी आहे.”

“हसू नकोस.”

“मग काय करू? नखं बघा किती वाढलीत. आई ओरडायची त्यावरून.” ती हसता हसता थांबली. यंत्र तिने उताणं होतं ते पालथं ठेवलं.

मी विचारलं, “हे यंत्र आपोआप कापतं का गं? म्हणजे बसत नसेल तर?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, कापत असेल.”

“तुम्हाला तसं वाटायला हवंय.” तिने वायर शोधली, यंत्र संगणकाला जोडलं, फोटो उघडला. थोडा वेळ बघून म्हणाली, “नाही. कापूनच भरलाय. पडद्याच्या मापाचा. आणि आईच्या केसांवर जागा किती बेताची सोडलीय बघा. हा दादाचाच हात. हात चांगला आहे मेल्याचा.”

आपला राग खोटा ठरावा असं मला मनापासून वाटत होतं. तो खरा ठरला. चौकटीच्या दुकानात वाढलेला मुलगा. लहानपणी तो पहिला धडा शिकला असेल तर हाच, की चित्र चौकटीच्या मापाचं करायचं नसतं, चौकट चित्राच्या मापाची करायची असते. जागा उरली तर माउंट द्यायचा, आणि त्याची खालची कड वरच्यापेक्षा जरा जास्त ठेवायची, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. गिऱ्हाइकाच्या फोटोला पातं लावलं म्हणून मी एका कारागिराला घरी पाठवलं होतं. आणि हा माझाच मुलगा, माझ्याच मुलीला.

“तुझ्याकडे पूर्ण फोटो आहे ना?” मी म्हणालो. “तो लाव यात.”

“आहे. पण लावणार नाही.”

“का?”

“मी कशाला लावू? चोरून घरात शिरू, तेही माझ्याच फोटोतून? त्याने काढलंय, त्यानेच लावायचं.” ती आता हसत नव्हती. “आणि लावलाच, तर काय होईल सांगू? तुम्ही घरी जाल. तो बघेल. आणि तुम्ही म्हणाल, मला काय कळतं रे यातलं, कसं झालं कुणास ठाऊक.”

मी अगदी हेच म्हणालो असतो. याच शब्दांत.

“पूर्ण फोटो लाव, असं तुम्ही त्याला सांगा. बाबा, एवढं एक वाक्य तुम्हाला येत नाही?”

“तो चिडतो.”

“चिडू दे. मी चिडत नाही? तुम्ही जिन्यातून फोन करता. कुणी खालून वर आलं, की लगेच आवाज बदलून म्हणता, हो हो डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेतोय. माझी डॉक्टर करून टाकता तुम्ही. मी इकडे फोन धरून उभी. एकदा तर मला फीसुद्धा विचारलीत.”

“शेजारच्या बाई होत्या.”

“असतील. मी नाही यापुढे तो फोन उचलणार.” ती पुडकं पुन्हा बांधायला लागली. हात भराभर चालत होते, सुतळी करकचून आवळली जात होती. “घरातून करा. टेबलावर बसून, दादा असताना. नाहीतर करू नका. खरं सांगतेय. मला लपवून ठेवलेली मुलगी व्हायचं नाही.”

ती गाठ मारून झाल्यावर मला चहा विचारत होती, मी नको म्हणालो. मला तिचाही राग आला होता. मला सगळ्यांचाच राग आला होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं, बहुधा मी पुटपुटत असेन. तिने फोन उचलणं बंद केलं, तर मला दिवसाकाठी बोलायला कुणी उरत नव्हतं, ही साधी गोष्ट होती. आणि ती बंद करणारच. ती माझ्यासारखी नाही, बोललेलं करते.

संध्याकाळी मुलगा आला, हातपाय धुऊन लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. मी ई-रीडर त्याच्यासमोर ठेवला, चित्र वर करून.

“हे कुठे आहे?”

“काय?”

“बोटांच्या पुढचं.”

त्याने एकदा फोटोकडे बघितलं आणि पुन्हा लॅपटॉपकडे. “बसत नव्हतं बाबा. स्क्रीन उभी आहे, फोटो आडवा.”

“आडवा फोटो उभ्या चौकटीत हवा म्हणून गिऱ्हाईक आलं, तर आपण काय करायचो?”

“ते दुकान होतं. हे एवढंसं यंत्र आहे.”

“मी विचारलं, काय करायचो.”

सून कप घेऊन आली होती, ती टेबलाशी पोहोचण्याआधीच थांबली.

“माउंट द्यायचो,” तो म्हणाला.

“फोटो कापायचो?”

“नाही.”

“मग?”

त्याने लॅपटॉप मिटला. “मग काय? तिला दाखवायची हौस नव्हती मला. झालं समाधान? माझं नाक कापलंय तिनं. मी कुलूप लावलं त्याच दुकानाची गिऱ्हाइकं घेऊन ती बसलीय. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, बहिणीला जमतं ते तुला कसं नाही जमलं. काय सांगू मी त्यांना?”

“तिने नाक कापलं म्हणून तू तिचं डोकं कापलंस.”

सुनेने तोंड वळवलं. ती हसली की काय, मला कळलं नाही. मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. माझा आवाज वाढला होता आणि तो कुठून येतोय हे माझं मलाच कळत नव्हतं.

“आणि कापलंस तर अर्धवट का? बोटं का ठेवलीस? असलं काम मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. कापायचं तर धड काप. उघड तो लॅपटॉप.”

“जाऊ द्या ना बाबा.”

“उघड म्हणतो ना.”

त्याने उघडला. तो घाबरला नव्हता, पण गोंधळला होता. मी त्याच्यावर कधी ओरडलो नव्हतो, त्यामुळे काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नसावं. त्याने पूर्ण फोटो काढला आणि मला माझी मुलगी दिसली. धावत आल्यामुळे जराशी पुसट. तोंड उघडं, हसत होती की धापा टाकत होती सांगता येणार नाही. त्या घरात तिला मी कितीतरी दिवसांनी बघत होतो.

“आता कापायची रेघ आत घे. बोटं जाईपर्यंत.”

त्याने उजवी कड धरून आत ओढली. ती गेली. तिचा हात गेला. मग माझा खांदा कापला जायला लागला आणि त्याच्याबरोबर बोटं, पण मधलं बोट लांब होतं, माझ्या गळ्याशी टेकलेलं. रेघ कानावर आली.

“अजून आहे,” मी म्हणालो. “आत घे.”

कान गेला. गाल अर्धा गेला.

“गेली बोटं?”

“गेली.”

“मी किती राहिलो?”

त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

“एक डोळा आणि नाक,” सून मागून हळूच म्हणाली.

“पुष्कळ झालं. लाव तोच.”

“बाबा, पुरे करा आता.”

“का पुरे? बसत नाही ते कापायचं असतं ना? मीही बसत नाही यात. मी तिच्याशी रोज बोलतो. रोज. तुला कळू नये म्हणून जिन्यात जाऊन बोलतो, चोरासारखा. म्हणजे मी तिकडचाच झालो. काप.”

तो माझ्याकडे वळला. आता त्याचा चेहरा लाल झाला होता.

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“जिन्यात आवाज घुमतो बाबा. अख्ख्या इमारतीला माहीत आहे. शेजारच्या काकू मला विचारतात, तुझ्या बाबांचे ते कुठले डॉक्टर, रोज फोनवर भेटतात, मलाही नंबर दे.” त्याने माउस टेबलावर आपटला. “तिच्याशी बोला ना. मी कधी नको म्हणालो? एकदा तरी विचारलंत मला? मी काय खाणार होतो तुम्हाला? रोज दार ओढून घेऊन बाहेर जाता, आणि मी आत बसून ऐकतो, की माझा बाप माझ्यापासून लपून बोलतोय. मी फोटोच कापला. तुम्ही मला खऱ्यात कापलंत.”

तरी माझा राग गेला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि मध्ये पडद्यावर माझा एक डोळा.

मग त्याने रेघ पकडली आणि एका झटक्यात पार उजवीकडे नेली. मी परत आलो, खांदा आला, बोटं, हात, ती. तो बटणं अशी दाबत होता की ती तुटतील असं वाटावं. वर पांढरी पट्टी आली, खाली पांढरी पट्टी आली. त्याने वायर लावली, फोटो यंत्रात भरला, वायर उपटली आणि ई-रीडर माझ्याकडे सरकवला.

“घ्या. बसली सगळी.”

मी तो मिटला आणि चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ धरला. चौघांचे चेहरे वाटाण्याएवढे झाले होते. कोण हसतंय, कोण नाही, मला दिसत नव्हतं. डोकी मात्र चार होती, आणि बोटांना माणूस मिळाला होता. खालची पट्टी वरच्यापेक्षा रुंद होती. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी खिशातून फोन काढला आणि उठलो. पाय आपोआप दाराकडे वळले, कडीपर्यंत गेलेही. मग मी परत आलो, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसून नंबर लावला. तिकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मुलगा लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला होता, पण काही करत नव्हता.

“कुठून बोलताय?” धाकटीने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

“टेबलावरून.”

“दादा?”

“समोर बसलाय.”

तिच्या मागे शिंप्याचं मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

“फोटो लावला?”

“लावला. पूर्ण.”

“लावला की तुम्ही लावायला लावला?”

“लावायला लावला.”

“वर-खाली माउंट दिलाय?”

“दिलाय.”

“खालचा जास्त ठेवलाय का, विचारा त्याला.”

मी फोन कानापासून लांब धरला. “ती विचारतेय, खालचा माउंट जास्त ठेवलायस का.”

त्याने मान वर केली नाही. “ठेवलाय म्हणावं. आणि मला शिकवायला येऊ नकोस म्हणावं.”

“ऐकलं मी,” फोनमधून आवाज आला, इतका मोठा की सुनेनेही ऐकला असेल. “त्याला सांगा, वरचा फार कमी झाला असेल. त्याचा नेहमी होतो.”

मी ई-रीडर पुन्हा डोळ्यांजवळ नेला. वरची पट्टी खरोखरच फार बारीक होती.

“झालाय,” मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातून यंत्र ओढून घेतलं आणि वायर पुन्हा लावली.